मामाच्या वाट्याचं हाड

एसेनमामाची नक्कल आमच्या गावात कुणालाही यायची. डावा खांदा पाडायचा, टोपी अंगठ्याने मागे सारायची, हातात नसलेला ग्लास नाकासमोर धरायचा आणि सुरू करायचं, "मंडळी, इकडची मंडळी, तिकडची मंडळी, आणि दाराशी बसलेली ती मंडळी, ज्यांना कुणी बोलावलंच नव्हतं..." इथे हशा. मग एक घोट. मग पुढचा हशा.

मामा तळ्याकाठच्या तीन-चार गावांतल्या मेजवान्यांचा सूत्रधार होता. लग्न असो, बारसं असो, कुणाची साठी असो, कुणी कधी उठायचं आणि कुणाच्या नावाने ग्लास उंचावायचा ते मामा ठरवायचा, आणि प्रत्येक नावाचा ग्लास स्वतःही रिकामा करायचा. सूत्रधाराने ग्लास तसाच ठेवला तर ज्याचं नाव घेतलं तो रुसतो. कुणी रुसू नये म्हणून मामा पीत गेला. पुढे पुढे मेजवानी नसली तरी, कुणी रुसू नये म्हणून पीत राहिला.

बाकीची पोरं खांदा आणि ग्लास करायची. मी त्याच्या आधीची चोरटी नजरही करायचे. ग्लास ओठाला लागण्यापूर्वी मामा एकदा दाराकडे बघायचा, सायरामामी आली का म्हणून. ती नजर केली की आई हसता हसता उठायची आणि चुलीकडे जायची, आणि तिथे बराच वेळ काहीतरी ढवळत बसायची. तिचा धाकटा भाऊ तो.

सायरामामी शेजारच्या गावातल्या माझ्या शाळेत गणित शिकवते. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ती शिलाईमशीन आणि दोन रजया घेऊन शाळेच्या खोलीत राहायला गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आईला एवढंच म्हणाली, "ताई, मी रागावून जात नाहीये. मला कळेनासंच झालंय मी कुणाबरोबर राहते ते. दारू बोलते, दारू हसते, दारू माफी मागते. आत कोणी आहे का? असला तर तो कोण ते कळू दे. मग ठरवीन राहायचं का ते."

त्यानंतर वर्षभराने, एका सकाळी मामा गोठ्यामागच्या बर्फात सापडला. थोरल्या मामांनी त्याला गाडीत घातलं आणि शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं.

तो परत आला तेव्हा जर्दाळूला फुलं आली होती. त्याचं घर थंड पडलेलं, म्हणून तो आमच्याकडेच उतरला. बाबा रशियात बांधकामावर, त्यामुळे जागा होती. मी कान टवकारून बसले. नवा मामा पाठ करायचा होता. पण पाठ करायला काही मिळेना. दोन्ही खांदे सारखे. टोपी डोक्यावर, जिथे टोपी असायला हवी तिथेच. बोलणं असं सपाट, की सरकारी बातम्या वाचणारा बरा.

आईने चहा ओतायला घेतला. "दूध घालू ना रे?"

मामा विचारात पडला. खरोखरच पडला. नदीला उतार कुठे मिळेल ते बघतात तसा चहाच्या वाटीकडे बघत राहिला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"माहीत नाही म्हणजे? चहात दूध घेतोस का नाही हे तुला माहीत नाही?"

"अक्का, इतकी वर्षं मी चहा प्यालो तो आदल्या रात्रीची उतरवायला. त्यात काय असायचं ते बघितलंच नाही."

"मग आता काय करू? घालू का नको?"

"घालून बघ."

आईने घातलं. मामाने घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. "बरं लागतं," तो म्हणाला. "ह्या माणसाला दूध चालतं."

"कुठल्या माणसाला?" मी विचारलं.

"हाच की," त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "जिबेक, तिथे रोज सकाळी उभं राहून म्हणायचं, मी एसेनकुल, मी दारुड्या. ते वाक्य पाठ झालं. त्याच्या पुढचं काय, ते काही तिथे कुणाला सांगता येईना. डॉक्टरांनाही नाही. म्हटलं, गावी जाऊन बघू."

मग त्याचं ते बघणं सुरू झालं. नाव-गाव न कळवता एखादा पाहुणा घरात येऊन बसावा आणि त्याला काय आवडतं, काय नाही, ते हळूहळू काढून घ्यावं, तसं तो स्वतःला वागवायला लागला. कच्चा कांदा: चालतो. मेंढीच्या शेपटीची चरबी: नको. पत्ते: दोन डावांनंतर कंटाळा. घोडा: भीती वाटते, आणि ही भीती जुनीच असावी, कारण घोड्यालाही ती ठाऊक होती. गाणं मात्र आवडणारच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मेजवानीत मामा गायला की भांडी थरथरायची. एका सकाळी तो मुद्दाम गोठ्यात जाऊन गायला. अर्ध्या कडव्यात थांबला. गाय वळून बघायला लागली.

"काय झालं?" आईने बाहेरून विचारलं.

"आवडत नाही."

"तुला गाणं आवडत नाही? तू लग्नालग्नातून..."

"मला नव्हतं आवडत अक्का. ग्लासाला आवडायचं." त्याने असं काही तोंड केलं, जणू त्याला नवीन गाव सापडलंय. "हे मला आज कळतंय. पन्नाशी उलटल्यावर."

मला हे सगळं ऐकायला मजा यायची, पण पंचाईतही होत होती. शाळेत पोरं म्हणायची, "जिबेक, मामा कर." मी जुनाच करायचे. मन लागायचं नाही. माणसाची लकब सापडली की माणूस सापडतो, आणि एसेनमामाला लकबच उरली नव्हती. थोरले मामा सोपे आहेत. ते प्रत्येक वाक्य चालू ट्रॅक्टरवरून बोलल्यासारखं बोलतात, जेवतानासुद्धा. आई विचारलेला प्रश्न आधी परत विचारते, मग उत्तर देते. मामी मधल्या सुट्टीत मला गाठायची आणि वही तपासता तपासता विचारायची, "घरी सगळे बरे?" त्यातला 'सगळे' इतका लांबवायची की त्यात एक अख्खा माणूस मावावा. मी म्हणायचे, "सगळे बरे." ती पान उलटायची. ह्याच्या पलीकडे तिने कधी काही विचारलं नाही.

लकब सापडली ती उन्हाळ्यात, वरच्या कुरणावर.

घोड्या दुहायचे दिवस होते. त्या दिवसांत कुरणावर ज्याच्या तंबूशी जाल तो कुमिसची वाटी पुढे करतो, आणि ती नाकारणं म्हणजे त्या घरालाच नाकारणं. कुमिस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आणि आंबलं की त्याला थोडी का होईना, नशा असते. गावात वसंतापासून वाद चाललाच होता. एक पार्टी म्हणायची, कुमिस म्हणजे दूध, बाळंतिणीलाही देतात. दुसरी म्हणायची, एसेनकुलला दाखवूही नका. मामाला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही गेलो तो तंबू बुरुलकान काकूंचा; त्यांनी वाटी पुढे केली तशी तंबूतल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

मामाने वाटी घेतली नाही. तो म्हणाला, "काकू, हे आंबतं म्हणजे आत नक्की काय होतं?"

"काय होतं म्हणजे? आंबतं."

"मग?"

"मग काय. घुसळायचं, ठेवायचं, परत घुसळायचं."

"आणि नाही घुसळलं तर?"

"तर दही होतं वाईट."

"मग घुसळल्यावर का नाही होत?"

तेव्हा मी बघितलं. मामाने मान डावीकडे कलती केली होती, डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली होती, आणि तो थांबला होता. आमच्याकडे कुणी थांबत नाही. समोरच्याचं तोंड मिटेपर्यंत आपलं उघडलेलं असतं. मामा मात्र खरंच थांबला होता, काकूंना उत्तर सुचेपर्यंत, जणू त्याला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. आणि काकू, ज्यांनी साऱ्या जन्मात कुणाला घुसळण्याबद्दल सांगितलं नव्हतं, त्या सांगायला लागल्या. कातडी पिशवीला धुरी कशी द्यायची, जुन्यातलं थोडं ठेवून नव्यात कसं घालायचं, नशा कधी चढते, दुहून लगेच प्यालं तर नशा नसते ती का. बोलता बोलता दमल्या. "अरे, तू प्यायला आलास का मागणी घालायला?"

"नुकतं दुहिलेलं द्या," मामा म्हणाला. "नशा नसते ते."

काकू म्हणाल्या, सवय नसलेल्याला ते पोटात उठतं. मामा म्हणाला, बघू. त्या दिवशी दुपारनंतर तो मोठ्या धोंड्यामागे तीनदा जाऊन आला. "ह्या माणसाला घोडीचं कच्चं दूध चालत नाही," त्याने परत येऊन सांगितलं. चेहरा पांढराफटक, आणि खूश.

त्यानंतर ती लकब मला जिथे तिथे दिसायला लागली. मधमाश्या पाळणारे उस्मोनाली आजोबा, गावातले सगळ्यांत वयोवृद्ध, त्यांच्या पेट्यांपाशी मामा तासन्तास बसायचा. मान कलती, बोटं कानाला. "मग राणी म्हातारी झाली की?" आजोबा कवळी तोंडात इकडून तिकडे फिरवायचे आणि सांगायचे. एकदा माझ्या आईला म्हणाले, "तुझा भाऊ चांगला आहे. माझ्या बायकोने अख्ख्या संसारात मला एवढं विचारलं नाही. तिला वाटायचं तिला माहीत आहे."

मी ती लकब घरी आरशासमोर करून बघायचे, पण कुणाला दाखवली नाही. अजून कच्ची होती. मान जमायची, पण थांबणं जमत नव्हतं.

जर्दाळू वाळवून झाले आणि थोरल्या मामांच्या नातवाचं बारसं ठरलं. थोरले मामा घरी आले, बूट न काढता उंबऱ्यात उभे राहिले आणि ट्रॅक्टरवरून बोलले.

"एसेन, बारशाला तूच बोलायचंस."

"दादा, मी आता बोलत नाही."

"बोलत नाहीस म्हणजे? शहरातून भाड्याचा सूत्रधार आणू? तो पोरगा कानाला माइकचं डबडं लावून नाचतो. माझ्या नातवाच्या बारशाला कानाला डबडं?"

"मला जमणार नाही दादा. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

"एक घोट घे, सुचेल. एकच. ओठाला लावायचा फक्त. माझ्या नातवासाठी."

"दादा," आई म्हणाली, "ओठाला लावायचा तो घोट आधी मला द्या. मी तुमच्या डोक्यावर ओतते."

थोरले मामा वाईट नाहीत. ज्या भावाला त्यांनी बर्फातून उचललं तो भाऊ त्यांना परत हवा होता, आणि त्यांना एकच भाऊ ठाऊक होता, हसवणारा. ते गेल्यावर आई म्हणाली, "तू जाऊच नकोस. ताप आलाय म्हणून सांगते."

"न जाणं सोपं आहे," मामा म्हणाला. "पण मग कळणार कसं?"

"कळणार कसं? काय कळायचंय?"

"मी चहा दुधाचा पितो, कांदा खातो, गात नाही. हे सगळं इथे, तुझ्या घरात. त्या खोलीत, त्या सगळ्यांसमोर, हातात ग्लास नसताना मी कुणी असतो का नाही?" त्याने कानाची पाळी धरली. "मला खरंच माहीत नाही अक्का. आणि नसलोच कुणी, तर सायराला मी कुणाला भेटायला बोलावू?"

सायरामामीलाही बारशाचं बोलावणं होतं.

मेजवानी दुपारची होती. मोठ्या खोलीत जमिनीवर अंथरलेला लांबलचक दस्तरखान, त्यावर कणकेचे तळलेले बोर्सोक, मध, वाळवलेले जर्दाळू. दारासमोरच्या मानाच्या जागी उस्मोनाली आजोबा, मग वयाप्रमाणे बाकीचे, एका अंगाला बायका. माझ्याकडे हात धुवायच्या पाण्याची झारी होती, म्हणून मला सगळीकडे फिरता येत होतं. मामी चहाच्या समोवारापाशी बसली होती. मामाला तिने एकदा बघितलं, मग बोर्सोक मोजल्यासारखी बघत राहिली. मामा थोरल्या मामांच्या वयाच्या माणसांत बसला होता, पाठ ताठ, शहरात नवीन बूट घ्यायला आलेल्या माणसासारखा.

मग मटणाच्या पराती आल्या. आमच्याकडे मटण असंच कुणी वाढत नाही. प्रत्येकाचं हाड ठरलेलं असतं. सगळ्यांत वडीलधाऱ्यांना कमरेचं, त्यांच्याखालच्यांना मांडीचं, वयस्क बायकांना शेपटीकडचं, दाराशी बसणाऱ्यांना मणके. तरुण पोरं स्वयंपाकघरातच ठरवतात आणि आणून समोर ठेवतात. मग न विचारता कळतं कोण कुठे आहे. थोरल्या मामांचा मुलगा आझातदादा हाडं मांडत आला. आजोबांसमोर कमरेचं. थोरल्या मामांसमोर मांडीचं. मामाच्या उजवीकडच्यासमोर मांडीचं, डावीकडच्यासमोर मांडीचं.

मामासमोर आझातदादाने ग्लास ठेवला. काठोकाठ भरलेला.

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. सूत्रधार उभा असतो, म्हणून त्याचा वाटा स्वयंपाकघरात झाकून ठेवतात. इतकी वर्षं एसेनमामाचा तसाच ठेवला जायचा, आणि तो विसरायचा, आणि संध्याकाळी कुत्री खायची. पोरांच्या हातांनी सवयीने तेच केलं. पण सगळ्यांसमोर हाड होतं, आणि एका माणसासमोर नव्हतं. ज्याला हाड नाही तो आमच्या दस्तरखानावर नाहीच.

मी झारी धरून त्याच्या डाव्या खांद्याकडे बघत होते. खांदा पडला तर संपलं. त्याची नक्कल करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आधी खांदा, मग टोपी, मग ग्लास.

खांदा थोडासा हलला. मामाचा हात वर आला. हात ग्लासावरून वर गेला आणि कानाला लागला.

"आझात," तो म्हणाला, "माझं हाड कुठलं आहे?"

"आत आहे काका. झाकून ठेवलंय, नेहमीसारखं."

"ते कळलं. पण कुठलं?"

आझातदादाने बापाकडे बघितलं. "म्हणजे... उरलेलं. मणका असेल."

"असेल?"

"बघितलं नाही काका."

"अरे, हाडाचं काय घेऊन बसलास," थोरले मामा गरजले. "उठ, बोल. लोक थांबलेत."

"बोलतो दादा. आधी मला कळू दे. उभा राहणारा असेन तर माझं हाड आत. बसणारा असेन तर इथे. मी केव्हाचा बसलोय. मग माझं काय ठरलं होतं?"

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला काय उत्तर द्यायचं ते आमच्या लोकांना येतं. पण मामा मान कलती करून थांबला होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि लक्षात आलं की कुणालाच माहीत नव्हतं.

उस्मोनाली आजोबांनी कवळी एका बाजूला नेली. "एसेनकुल. तुला कुठलं पाहिजे?"

बायकांतून कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. हाड कुणाला विचारून देत नाहीत. ते येतं. जन्माला येताना आईबाप येतात तसं. मामाने मात्र प्रश्न मनावर घेतला. चहाच्या वाटीकडे बघितलं होतं तसं दस्तरखानाकडे बघितलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पाता," तो म्हणाला. "खांद्याचा पाता उरलाय का?"

त्याच्या वयाच्या माणसाने मांडीचं सोडून पाता मागणं म्हणजे खालच्या पायरीवर जाऊन बसणं. शिवाय खांद्याचा पाता एकट्याने खायचा नाही, असा रिवाज आहे. ज्याला तो मिळतो त्याने कापून आजूबाजूच्यांना द्यायचा, आणि शेवटी स्वतःला उरतं ते पसरट हाड. म्हणून तो आला की माणसं गोड हसतात आणि मनात करवादतात.

आझातदादा पळत जाऊन घेऊन आला. मामाने सुरी घेतली. वसंतात त्याचा हात इतका थरथरायचा की आई त्याला भाकरी तोडून द्यायची. अजूनही जरा थरथरत होता. पट्ट्या वाकड्या निघाल्या, पण निघाल्या. पहिली उजवीकडच्याला दिली, दुसरी डावीकडच्याला. तिथे थांबायला हरकत नव्हती. पण तो उठला आणि पाता हातात घेऊन दस्तरखानाच्या कडेने चालायला लागला. इतक्या पातळ पट्ट्या कापत होता की त्यातून खिडकी दिसावी. आणि प्रत्येकाला देताना तो काहीतरी विचारत होता. बाळाच्या आईला, नाव कुणाला सुचलं. आजोबांना, त्यांच्या स्वतःच्या बारशाला काय कापलं होतं. आजोबा म्हणाले, लढाईचं वर्ष होतं, काही नाही कापलं, शेजाऱ्याने एक कोंबडी दाखवली आणि परत नेली. खोली हसली. मामा हसला नाही. "मग?" म्हणाला, आणि आजोबांनी त्या कोंबडीची पुढची हकिकत सांगितली, जी कुणीच ऐकली नव्हती.

तो थोरल्या मामांपाशी आला.

"दादा, नातू झाल्याचं कळलं तेव्हा तू कुठे होतास?"

"कुठे असणार. ट्रॅक्टरवर."

"मग?"

"मग काय. बंद केला."

"का?"

थोरले मामा पट्टी हातात धरून बसले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना ऐकलं. "दिसेना," ते म्हणाले.

मामा थांबला.

"धूळ होती," थोरले मामा म्हणाले. "डोळ्यांत." आणि मग त्यांनी ती पट्टी तोंडात कोंबली आणि खूप वेळ चावत राहिले. कुणी हसलं नाही आणि सगळ्यांना हसू येत होतं. त्या दिवशी एवढं बोलणं झालं, आणि सूत्रधाराने एक वाक्य सांगितलं नाही.

शेवटी मामा जागेवर येऊन बसला. पात्यावर मांस राहिलं नव्हतं. तो ठेवायला समोर जागाही नव्हती, ग्लास होता. त्याने पसरट हाड ग्लासावरच ठेवून दिलं. नेमकं बसलं.

उस्मोनाली आजोबांनी हात लांब करून ते उचललं आणि खिडकीकडे धरून बघितलं. पात्यात पुढचं दिसतं असं जुनी माणसं मानतात.

"काय दिसतंय?" मामाने विचारलं.

"मटण संपलेलं दिसतंय," आजोबा म्हणाले, आणि हाड परत ग्लासावर ठेवलं. झाकणासारखं.

भांडी घासायला आम्ही सगळ्या आत होतो. बायका खुशीत होत्या, आणि खुशीत आल्या की त्यांना नक्कल लागते. "जिबेक, एसेनमामा कर," आझातदादाची बायको म्हणाली. तिला ग्लासवाला हवा होता.

मी हात पुसले. मान डावीकडे कलती केली, कानाची पाळी धरली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग?" आणि थांबले. ह्या वेळी थांबता आलं.

कुणी हसेना. आई हातातली वाटी घेऊन बघत राहिली. "अगं, हा तर मगमग्या," ती म्हणाली. "आमच्याकडे एक पोर होतं लहानपणी, त्याला सगळे मगमग्या म्हणायचे. आबांच्या मागे मेंढ्यांकडे जायचं, सारखं मग, मग. आबा सांगायचे, नदीपर्यंत गप्प राहिलास तर खाऊ देईन. एकदाही मिळाला नाही त्याला खाऊ. कुठे गेला होता हा इतकी वर्षं?"

सायरामामी कोपऱ्यात वाट्या पुसत होती. "पुन्हा कर," ती म्हणाली.

मी पुन्हा केलं.

"कान डावा?"

"डावा."

"हं," ती म्हणाली, आणि तीच पुसलेली वाटी परत पुसली.

तेवढ्यात मामा दारात आला. भाकरीच्या तुकड्यावर एक वाकडी पट्टी, सुकून कडा वळलेली. बायका एकदम कामाला लागल्या, म्हणजे कान सोडून बाकी सगळ्याने.

"तुझा वाटा राहिला होता," तो मामीला म्हणाला. "तू समोवारापाशी होतीस, तिथवर आलो नाही. धीर झाला नाही."

मामीने भाकरी घेतली. "सगळ्यांना विचारलंस. मला नाही विचारणार काही?"

मामाने कान धरला, मग आम्ही सगळ्या बघतोय ते त्याच्या लक्षात आलं आणि सोडला. "अजून चहात दूध घेतेस?"

"घेते. तू?"

"घेतो. घालून बघितलं."

मामीने दोन वाट्या पुढे ओढल्या. आधी दूध ओतलं, मग वरून चहा. एक त्याच्यापुढे सरकवली.

"मग?" ती म्हणाली, आणि थांबली.

मामा पालथ्या बादलीवर बसला आणि घोडीच्या दुधापासून सांगायला लागला.